कोण ते आत वाचा

माझा धाकटा भाऊ पोटासाठी मथळे लिहितो. बातमी नाही लिहीत, लेख नाही लिहीत, नुसता वरचा मथळा. फोन बोटाने सरकवता सरकवता जो वाचून तुम्ही थबकता, ‘बघू तरी काय आहे’ म्हणून आत जाता, आणि आत काहीच नसतं म्हणून चडफडत बाहेर येता, तो मथळा. तुम्ही लिहिणाऱ्याला शिव्या देत असाल तर खुशाल द्या. मी सख्खी बहीण आहे, मी तर रोज देते.

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, जन्मजात खोड आहे. शाळेतून आला की दप्तर न काढताच दारातून ओरडायचा, “आई, आज वर्गात जे झालं ना, ते ऐकलंस तर तू खालीच बसशील!” आई हातातलं टाकून धावायची. मग हा पाणी पिणार, बूट काढणार, मोजे काढणार. आई कासावीस. शेवटी झालेलं काय, तर सरांची चप्पल तुटली. आई पोट धरून हसायची, “काय बाई सांगतो तरी!” मी वर्गात पहिली आले तेव्हा घरी येऊन ‘मी पहिली आले’ असं सरळ सांगितलं. आई म्हणाली, “बरं, हात धुऊन घे.”

तेव्हापासूनचा राग आहे माझा, नाही म्हणत नाही. पण नुसतं त्यावरून मी हे सांगायला बसलेले नाही.

तर मोठा होऊन आमचे बंधुराज एका वेबसाइटच्या ऑफिसात चिकटले. थंडगार एसी, ओळीने टेबलं, भिंतीवर एक भलामोठा पडदा आणि त्यावर सतत वरखाली होणारे आकडे. आत्ता कोणती बातमी किती जण वाचताहेत, ते आकडे. तिथे ह्याला ‘गळ’ म्हणतात. मासे पकडायचा असतो ना, तो. हा टाकतो आणि लोक लागतात. हे नाव तो घरी येऊन छाती फुगवून सांगतो! मला कुणी गळ म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले नसते.

जेवताना आम्हाला त्याचे धडे मिळायचे. “ताई, मथळ्यात नाव टाकलं की मथळा मेला. ‘अमुक अमुक पडले’ असं लिहिलंस की ज्यांना अमुक माहीत नाही ते पुढे गेले. ‘सगळ्यांसमोर ते असे पडले की’ एवढंच लिहायचं. कोण, ते आत वाचा. कुठे, ते आत वाचा. एक गोष्ट मुठीत ठेवायची आणि मूठ दाखवायची.” त्याच्या टेबलावर बातमी येते तीसुद्धा तीन ओळींत, नावगाव गाळून. वेळ वाया जाऊ नये म्हणून! हा पठ्ठ्या त्या तीन ओळी वाचतो आणि मथळे पाडतो. खालची बातमी उघडूनही बघत नाही. हलवायाने स्वतःची मिठाई खाऊ नये, तसं ते आहे म्हणे.

आणि मथळे नेहमी दोन लिहायचे. एकाच बातमीला दोन. अर्ध्या लोकांना एक दिसतो, अर्ध्यांना दुसरा. ज्याच्यावर जास्त बोटं पडतात तो जिंकला, हरलेला आपोआप पुसला जातो. जिंकलेला मथळा हा आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचा, सोबत बक्षिसाच्या कपाचं चित्र. आई लगेच टाळ्या पाठवायची. मी काही पाठवायची नाही. बाबांना फोनवर टाळ्या कुठे असतात तेच सापडायचं नाही, मग ते संध्याकाळी समोर आल्यावर पाठीवर थाप मारायचे. “जिंकलास म्हणे आज.” एवढंच. बातमी काय होती, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

बाबा तरणतलावावर पोहायला शिकवतात. शिकवायचे. वय साठीला टेकलेलं, अंगाला कायम त्या पाण्यातल्या औषधाचा वास, डोळे लाल. सकाळी पुरुषांची बॅच, मग मुलांची, मग महिलांची. महिलांच्या बॅचला आधी एक बाई शिकवायच्या. त्या नोकरी सोडून गेल्यावर दुसरं कुणी मिळेना, तेव्हा बायकांनीच कमिटीला सांगितलं, “सर चालतील.” चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यात गुडघाभर पाण्यापलीकडे न गेलेल्या बायका. नवऱ्याने हात धरला तरी कडेचा पाइप न सोडणाऱ्या. त्या बाबांच्या एका शिट्टीवर पाइप सोडायच्या. ह्याला विश्वास म्हणतात. तो मिळवायला बाबांनी कुठलीही मूठ झाकून दाखवली नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगते. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा जेवायला घरी येते. बाबा माझ्या थोडे आधी आले होते. बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होते, एकच टॉवेल, पण किती वेळ. आई ओट्याशी उभी राहून फोन बघत होती. ग्रुपवर भावाचा मथळा आला होता, कपासकट.

आईने मोठ्यांदा वाचलं. “महिलांच्या बॅचमध्ये पुरुष प्रशिक्षकाने पाण्यात असं काही केलं, की सगळ्या किंचाळल्या!”

वाचलं आणि आईचा तोल गेला. “मेल्याचे हात तोडायला हवेत! बायका विश्वासाने येतात आणि हे लांडगे! अहो, ऐकलंत का? तुमच्यातलाच आहे कुणीतरी. ओळखता का मेल्याला?”

बाबांनी टॉवेलाला चिमटा लावला. आत आले. म्हणाले, “दाखव.” आईने फोन दिला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, मी चष्मा आणून दिला. त्यांनी ती ओळ वाचली, परत वाचली. मग फोन ओट्यावर पालथा ठेवला.

“मीच आहे तो,” ते म्हणाले.

आईच्या हातातला चमचा खाली पडला तो पडलाच. मी फोन उचलून आतली बातमी वाचली. आत सगळं होतं. साठीच्या एका बाईंना पोहताना चक्कर आली, त्या तळाला गेल्या. प्रशिक्षकाने उडी मारून बाहेर काढलं. श्वास थांबला होता. त्याने छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, बाई शुद्धीवर आल्या, रुग्णालयात आहेत, धोका टळला. शेवटच्या ओळीत बाबांचं नावही होतं, पूर्ण. सगळं खरं. वरची ओळसुद्धा शब्दाने खोटी नव्हती. असं काही केलं होतं खरंच. किंचाळल्या होत्या खरंच.

आई रडत रडत एकच म्हणत होती, “मी काय बोलले हो, मी काय बोलले.” बाबा म्हणाले, “तू कुठे मला बोललीस?” आणि जेवायला बसले. जेवले मात्र नाहीत.

तेवढ्यात तलावाच्या सेक्रेटरींचा फोन. “सर, गैरसमज नको. पण दोन-तीन जणींच्या घरून फोन आलेत. कमिटी बसेपर्यंत तुम्ही तूर्त घरीच थांबा.” बाबांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. ज्या माणसाने सकाळी एक जीव परत आणला, त्याला दुपारी घरी बसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात कळवलं की येत नाही, आणि तडक भावाच्या ऑफिसात. तो खुर्चीत रेलून बसला होता, भिंतीवरच्या पडद्यावर त्याचीच बातमी पहिल्या नंबरावर. मला बघून हसला. “ताई? तू इकडे कुठे?”

“तो प्रशिक्षक कोण आहे माहीत आहे तुला?”

“कुठला?”

“ज्याने पाण्यात असं काही केलं तो. आत वाच. शेवटची ओळ.”

त्याने उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मथळ्याखालची बातमी वाचली असेल. चेहरा असा उतरला की दुसरं कुणी असतं तर मला दया आली असती.

“ताई, शप्पथ, मला माहीत नव्हतं ते बाबा आहेत!”

“म्हणजे दुसऱ्या कुणाचा बाप असता तर चाललं असतं?”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडली? मी गप्प बसणार नव्हते. आजूबाजूच्या टेबलांवरची टकटक थांबली होती. ऐका म्हटलं, फुकटात आहे.

मग त्याने जे सांगितलं त्यानं मी जास्तच पेटले. म्हणाला, “मी दोन लिहिले होते. दुसरा अगदी सरळ होता. ‘बुडणाऱ्या महिलेला प्रशिक्षकाने वाचवलं.’ तो हरला ताई. मी काय करू? लोकांनी निवडलं.”

“लोकांनी निवडलं? ताटात दोन्ही वाढलं कुणी? एक अन्न, एक शेण. आणि वर म्हणायचं, चव त्यांचीच तशी!”

“ह्याचा पगार मिळतो मला.”

“मिळू दे. आधी तो मथळा बदल.”

बदलला. सरळवाला लावला, बाबांचं नाव घालून. आणि पडद्याकडे बघ म्हणाला. पहिल्या नंबरावरची बातमी बघता बघता खाली घसरली, खाली, आणखी खाली, मग पडद्यावरून दिसेनाशीच झाली. “हे असं असतं,” तो म्हणाला. जणू काही गुन्हा पडद्याचा!

बैल गेला नि झोपा केला. जुन्या मथळ्याचे फोटो काढून लोकांनी कधीच इकडेतिकडे पाठवले होते. नुसता मथळा. बातमी पाठवायचे कष्ट कोण घेतो? दुसऱ्या दिवसापासून माझ्या काउंटरवर गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध मागता मागता आवाज खाली करायची, “तुमच्या वडिलांचंच ना ते?” मी सांगायचे, त्यांनी बाईंचा जीव वाचवला हो. “हो का?” म्हणायची आणि तोंडं अशी करायची, की आग असल्याशिवाय धूर निघतो का. एकीला मी सुट्टे पैसे देताना म्हटलंसुद्धा, “तुम्ही बुडालात ना, की आधी ठरवा, कुणी हात लावलेला चालेल ते.” मालकांनी मला मागच्या खोलीत गोळ्यांची खोकी लावायला बसवलं.

बाबा घरात बसून होते. पगाराचं कुणी बोलत नव्हतं, प्रश्न तो नव्हताच. पाण्याशिवाय त्या माणसाला करमत नाही. सकाळी उठायचे, पोहायचे कपडे पिशवीत भरायचे, मग आठवायचं, मग परत काढून कपाटात ठेवायचे. कमिटी ‘या’ म्हणते की ‘नको’ म्हणते, एवढ्यावर त्यांचं सगळं अडकलं होतं. आणि भाऊ? तो ऑफिसला जात होता. जेवायला आमच्यासोबत बसत नव्हता, ताट घेऊन आपल्या खोलीत जायचा. एकदा दारात मला अडवून म्हणाला, “ताई, माझ्यावर सोड. मी असा मथळा लिहितो की लोक ढसाढसा रडतील. ‘ज्या प्रशिक्षकाला सगळ्यांनी दोषी ठरवलं, त्याचं सत्य वाचून’...”

“तोंड बंद कर,” मी म्हटलं. “नाहीतर ते ताट डोक्यात घालीन.”

रुग्णालयातून घरी आलेल्या त्या बाईंकडे मी गेले. आयुष्यभर टायपिस्ट होत्या, निवृत्त झाल्यावर पोहायला शिकायची हौस. दार त्यांच्या मुलाने उघडलं. मी कोण ते कळल्यावर दार तसंच अर्धं धरून उभा राहिला. “हे बघा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण आम्हाला ह्यात पडायचं नाही. आईचं नाव नको यायला. लोक काय काय विचारतात.” आतून टायपिस्ट बाईंचा आवाज आला, “कोण आहे रे?” हा म्हणाला, “सेल्सवाली.” आणि दार लावलं. मी, सेल्सवाली! जिने काही विकायला आणलं नव्हतं ती मी, आणि विकून खाणारा माझ्या घरात!

कमिटी बसली त्या दिवशी मी बाबांबरोबर गेले. तलावाच्या ऑफिसातली ती खोली, भिंतीवर जिंकलेल्या ढाली, आणि टेबलामागे पाच माणसं, त्यातल्या एकालाही पोहता येत नसावं. सेक्रेटरी म्हणाले, “सर, आमचा विश्वास आहे तुमच्यावर. पण दिसतं कसं, ते बघावं लागतं.” बाबा मान खाली घालून बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दार ढकलून टायपिस्ट बाई आत आल्या. काठी टेकत, धापा टाकत. सेल्सवालीच्या तोंडून त्यांच्या सरांचं नाव त्यांनी आतून स्पष्ट ऐकलं होतं, आणि कमिटी कधी बसते ते बॅचमधल्या एकीला विचारून, मुलगा कामावर गेल्यावर रिक्षा करून निघाल्या होत्या.

त्यांना खुर्ची दिली, बसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझा श्वास गेला होता. ह्यांनी तो परत आणला. तोंडाने आणला, हाताने आणला, पायाने आणला असता तरी मला चाललं असतं! लाज कुणाला वाटतेय इथे? मला तर वाटत नाही. तुम्हाला कशाची वाटते?”

पाचही जण टेबलाकडे बघायला लागले. बाईंनी पुढे होऊन सगळ्यांसमोर बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्या डोळ्यांना धार लागली, मी ती पुसलीही नाही. कमिटीने ‘सर, उद्यापासून या’ म्हटलं. घरी आल्यावर आईने बाबांची पिशवी स्वतः भरली. मला वाटलं, सुटलो.

भाऊ रात्री खोलीबाहेर येऊन जेवला. सकाळी म्हणाला, मीही येतो. मला वाटलं, पाया पडेल, माफी मागेल. कसला! तलावावर पोचलो तर ह्याच्या हातात फोन, कॅमेरा चालू. “बाबा पाण्यात उतरतानाचा घेतो. असा मथळा देतो ताई, बघच तू.” मी म्हटलं, “तुझी खोड मेल्यावरच जाईल.” पण बाबा हसले, “घेऊ दे गं,” म्हणाले. त्यांचा लाडका ना तो.

महिलांची बॅच. बायका जवळजवळ सगळ्या आल्या होत्या, दोघी-तिघी सोडून. सर आले म्हणून टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र पाण्यात उतरले नाहीत. काठावर उभे राहिले, हातात लांब काठी घेऊन. पाण्यात कुणी दमलं की तिला धरायला पुढे करतात ती काठी. पूर्वी ती भिंतीशी पडून असायची. काठावरूनच ते सांगत होते, हात लांब करा, मान सैल सोडा. मला ते बघवेना, पण म्हटलं पहिलाच दिवस आहे.

आणि एक नवी बाई, तरुण, पायात गोळा आला असेल, खोल भागात मधोमध गटांगळ्या खायला लागली. काठी पोचणार नाही अशा जागी. बाबांना मात्र एका उडीचं अंतर.

बाबांनी उडी मारली नाही.

ते पुढे वाकले. थांबले. मग मान वळवून त्यांनी मागे बघितलं. आमच्याकडे, भावाच्या हातातल्या फोनकडे, मग दाराकडे, कोण कोण बघतंय ते. आणि ओरडले, “अगं, धरा तिला! तुमच्यातली कुणीतरी धरा!” आवाज चिरकला होता. मी ओरडले, “बाबा!” त्या बाईचं डोकं खाली गेलं, वर आलं, खाली गेलं. शेवटी दोन जणींनी पोहत जाऊन तिला कशीबशी काठाला आणली. त्या दोघीही बाबांनीच शिकवलेल्या. खोकली, पाणी ओकली, रडली. वाचली.

बाबा तसेच उभे होते. त्यांचे कपडे कोरडे ठणठणीत होते. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. सेक्रेटरी “अहो सर, सर” करत मागे गेले, तर आतून कडी लावलेली.

बाबा बाहेर आले तेव्हा भाऊ दाराशीच उभा होता. फोन कधी खिशात टाकला होता कुणास ठाऊक. रडत होता, पहिल्यांदा न सांगता रडत होता. म्हणाला, “बाबा, माझ्यामुळे...”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, नेहमी ठेवायचे तसाच. रागावले असते तर बरं झालं असतं.

“इतकी वर्षं आधी पाण्यात असायचो, विचार नंतर सुचायचा,” ते म्हणाले. “आज आधी तुझी ओळ आठवली. पुढची आठवली. आता काय लिहितील, ते सगळं आठवलं. तेवढ्यात ती गेली असती रे.”

“पण वाचली ना, बाबा. वाचली ती.”

“वाचली,” बाबा म्हणाले. “माझ्यामुळे नाही.”

आणि पिशवी खांद्याला लावून ते चालायला लागले. मी त्यांच्याबरोबर गेले. भावाला मी हाक मारली नाही.